थंड चहा विकला गेला

बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. दर सातव्या दिवशी होणाऱ्या विधींपैकी दुसऱ्या विधीसाठी यी-चुन तैपेईहून चुतुंगला घरी आली होती. पुजारी सकाळीच मंत्र म्हणून, घंटा वाजवून पुढच्या घरी गेले, आणि मागे उरलेली माणसं जेवणाच्या गोल मेजाभोवती बसून गेलेल्या माणसासाठी जाळायची सोनेरी कागदाची कमळं दुमडू लागली. आई, धाकटा भाऊ यू-लिन, आणि त्सेंग काका. त्सेंग काका म्हणजे बाबांबरोबर कारखान्यात आयुष्यभर यंत्रं सांभाळलेला माणूस. बाहेर वाऱ्याने शेजाऱ्यांचा पत्रा वाजत होता.

"ताई," यू-लिन मान वर न करता म्हणाला, "बाबांना शिव्या पडताहेत."

"कोण देतंय?"

"चावडीवर. दुसरं कोण देणार?"

चावडी म्हणजे शेअरवाल्यांची वेबसाइट. तिच्यावर दिवसभर दोन कंपन्यांवरून भांडण चाले. दोन्ही मेमरी चिप बनवणाऱ्या, दोन्ही एकमेकींच्या मुळावर उठलेल्या. एकीच्या चिन्हात बगळा, दुसरीच्या चिन्हात हत्ती. खरी नावं तिथे कुणी घेत नसे. हत्तीवाले बगळ्याच्या भागधारकांना 'मासे' म्हणत, कारण शेवटी बगळा त्यांनाच गिळणार. आणि बगळेवाले त्यांना 'माहूत' म्हणत, कारण ते जन्मभर हत्तीला फक्त चारा घालणार. बाबा बगळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, आणि 'थंड चहा' या नावाने दर रविवारी सकाळी तिथे चार ओळी लिहीत. कारखान्याबाहेर स्कूटर लावायला जागा होती की नव्हती, वायूचे टँकर आत जाताना दिसले का, फाटकासमोरच्या डबेवालीने भाताचं मोठं पातेलं काढलं होतं का, म्हणजे आत काम जोरात आहे की नाही, एवढंच. घ्या किंवा विका असं त्यांनी कधी लिहिलं नाही. शेवटी ठरलेली ओळ असे: 'चहा थंड झाला. उठतो.' मासे आणि माहूत दोघंही ते वाचत आणि त्या दिवसापुरते जरा सभ्य वागत.

यी-चुनने फोन हातात घेतला.

'बगळ्याचे दिवस भरले. हत्ती घ्या. मी घेतला. पोरांनो, जेवलात का? चहा थंड झाला. उठतो.'

खाली उत्तरांची रांग लागली होती.

'थंड चहा विकला गेला!'

'किती मिळाले, आजोबा?'

'म्हातारपणी माहूत झाला. मासे हो, रडा.'

'खातं कुणीतरी विकत घेतलंय. हा तो माणूस नाही.'

आणि या सगळ्यांत एकच साधी ओळ होती. लिहिणारी ताइतुंगची एक निवृत्त शिक्षिका. 'काका, तुमच्या शब्दावर मी बगळा विकून हत्ती घेतला. हत्ती रोज खाली येतोय. रागावले नाही, पण काहीतरी बोला.'

यी-चुनने तारीख पाहिली आणि फोन मेजावर पालथा ठेवला. त्या आठवड्यात बाबांच्या घशात नळी होती. हात इतके सुजले होते की नर्सने घड्याळ काढून तिच्या हातात दिलं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. त्या अवस्थेत तीन आठवडे थंड चहा चावडीवर बोलत होता.

"बाबांच्या खात्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

"सगळ्यांना," त्सेंग काका म्हणाले. "कारखान्यातला त्याचा कामगार क्रमांक. मी सतरा वेळा सांगितलं, बदल. म्हणाला, लक्षात कोण ठेवणार?"

"तू असं का विचारतेस?" यू-लिनने विचारलं.

यू-लिन हत्तीच्या कंपनीत नोकरीला होता. दर वर्षी त्याला बोनसमध्ये हत्तीचे शेअर मिळत. गेल्या वर्षी त्याने घर घेतलं होतं, आणि तेव्हापासून हत्तीचा भाव विचारला की तो विषय बदलत असे. इतके दिवस या गोष्टी तिला नुसत्या माहीत होत्या. आता त्या एकमेकींना चिकटू लागल्या.

"सरळ म्हण ना," यू-लिन म्हणाला. "मी लिहिलं असं वाटतंय तुला."

"मी काही म्हटलं का?"

"तुझं तोंड म्हणतंय. ताई, तू तिकडे पुस्तकं तपासतेस ना, तीच तपास. माणसांवर लाल पेन्सिल चालवू नकोस."

"अरे, भांडू नका रे," त्सेंग काका म्हणाले. "संशय घ्यायचा तर माझा घ्या. मी रोज रुग्णालयात येत होतो. पण पोरी, मी अजून मासाच आहे हो! कसला मासा, सुकट. वहिनींना विचार, हत्तीचं नाव काढलं की मला ढेकर येतो."

आईने नवा कागद ओढला.

यी-चुनने तीन आठवड्यांचं लिखाण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यावरच तिचं पोट चालत होतं, आणि इथे तिला काहीतरी खटकत होतं. शेवटची ओळ प्रत्येक वेळी तंतोतंत होती. म्हणजे लिहिणारा बाबांना नीट ओळखणारा. पण 'पोरांनो, जेवलात का?' हे बाबांचं नव्हतं. बाबा पोटच्या पोरांनाही असं विचारत नसत. ताट पुढे सरकवत, बस. आज दारात पाऊल टाकताच सगळ्यांना "जेवलात का?" कुणी विचारलं होतं? त्सेंग काकांनी. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते जाड बोटांनी कमळाची पाकळी सरळ करत होते आणि ती पुन्हापुन्हा दुमडत होती. बाबा झोपलेले असताना त्यांचा फोन चार्जिंगला लावायला हेच बाहेर नेत. काकांचा मुलगा शेअर दलालाच्या कचेरीत होता. हेही तिला आजवर नुसतं माहीत होतं.

असा हिशेब मनात चालवताना तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तो थांबेना.

तेवढ्यात एक फोटो सापडला. शेवटून दुसऱ्या नोंदीखाली. रुग्णालयातलं ठोके मोजणारं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर उभी केलेली मक्याच्या कुरकुरीत खाऊची पुडी. खाली लिहिलं होतं: 'आमच्याकडचं यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून.'

"हे बघा," तिने फोन मेजाच्या मध्यावर ठेवला. "हे कुणी ठेवलं होतं?"

दोघंही वाकले. आधी यू-लिन सरळ झाला.

"लाल?"

"लाल पुडी?" त्सेंग काकांच्या हातातलं कमळ खाली पडलं. "यंत्रावर?"

कारखान्यांत ही रीतच आहे. त्या खाऊचं नाव 'शहाणं बाळ' अशा अर्थाचं, म्हणून त्याची पुडी यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्या बाळासारखं चालतं. मात्र पुडी हिरवीच हवी. हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू. पिवळी ठेवली तर ते कुरकुरणार, लाल ठेवली तर बंद पडणार. शिकलेसवरलेले इंजिनियर हे हसत सांगतात आणि पुडीवरची तारीख उलटण्याआधी गुपचूप नवी आणून ठेवतात.

"आमच्याकडे एका नव्या पोराने पिवळी ठेवली होती," यू-लिन म्हणाला. "लाइन बंद पडली. साहेबाने त्याला सगळ्या पाळीला जेवण घालायला लावलं."

"पिवळीचं सोड. लाल म्हणजे..." त्सेंग काका म्हणाले. "तुझ्या बाबांच्या यंत्रावर मी लाल पुडी ठेवीन? अगं, मी सही करून कबूल करीन की मी चोर आहे, दरोडेखोर आहे. पण लाल पुडी नाही."

भांडण विसरून दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. यी-चुनच्या मनातला हिशेब तिथेच मोडला. यंत्रांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून हे झालेलं नव्हतं. ज्याला लाल रंग शुभ वाटतो, अशा कुणाच्या तरी हातून झालं होतं.

"लाल चुकीची होती का?" आईने विचारलं.

तिघांच्याही माना तिच्याकडे वळल्या.

"खालच्या दुकानात हिरवीही होती," आई म्हणाली. "पण त्या चावडीवाल्यांना हिरवा आवडत नाही ना. आपल्याकडे भाव पडला की हिरवा दिसतो, चढला की लाल. म्हटलं, फोटो टाकायचाय तर लाल बरी."

"आई," यी-चुन म्हणाली, "तू लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार? आठवडाभर माझ्याशिवाय कुणाला त्यांना भेटू देत नव्हते. मी वाचून दाखवायचे. पहिल्यांदा मी बगळ्याचंच चांगलं लिहिलं, त्यांच्यासारखं. दोघं-तिघं 'हो काका' म्हणाले आणि गेले. त्यात वाचून दाखवायला काय होतं? मग हत्तीचं लिहिलं." तिने कागदाची घडी नखाने दाबली. "दुपारभर उत्तरं येत होती. मी वाचतेय, वाचतेय. 'म्हातारा विकला गेला' असं वाचलं आणि तुझे बाबा हसले. नळी असताना. खांदे हलले."

यी-चुनला ती दुपार आठवत होती. ती दाराशी उभी होती. बाबांचे खांदे हलताना तिनेही पाहिले होते, आणि मग नर्स धावत आली होती, नळीतला कफ ओढायला. ते हसले होते, की आयुष्यभर जपलेलं नाव डोळ्यांदेखत जाताना त्यांना एक शब्दही बोलता येत नव्हता?

"लिहिण्याआधी त्यांना विचारलं होतंस?"

"वाचून दाखवलं होतं."

"मग?"

"डोळे मिटले."

"म्हणजे हो की नाही?"

"आमच्यात म्हणजे हो," आई म्हणाली.

त्सेंग काकांनी घसा साफ केला. "राहू दे. खातं बंद करून टाका. महिन्याभरात विसरतील. गेलेल्या माणसाला शिव्या लागत नाहीत."

"आणि ती मास्तरीण?" यी-चुन म्हणाली. "तिने बाबांच्या शब्दावर शेअर विकलेत."

"मला वाटलं ते नुसते भांडतात," आई हळू आवाजात म्हणाली. "खरंच कुणी घेईल असं वाटलं नाही."

यी-चुनने लिहायला घेतलं, दोनदा पुसलं, मग पाठवलं. 'मी थंड चहांची मुलगी. बाबा गेले. शेवटचे तीन आठवडे त्यांना लिहिता येत नव्हतं. हत्तीबद्दल जे आलं ते त्यांचं नाही, घरातल्या माणसाने लिहिलेलं आहे. त्यावर कुणी विसंबून राहू नये. चूक आमची आहे.'

"घरातलं माणूस म्हणजे मीच ठरणार," यू-लिन पुटपुटला, पण त्याने अडवलं नाही.

उत्तरं लगेच आली.

'आता मुलगी उगवली!'

'हत्ती पडला आणि म्हातारा मेला. सोय बघा.'

'बाई, बगळा घेऊन बसल्या आहात वाटतं?'

'मृत्यूचा दाखला टाका.'

मग शिक्षिकेचं आलं. 'तुम्ही खरंच त्यांची मुलगी असाल तर मला वाईट वाटतंय. पण इथे कुणावर विश्वास ठेवायचा? गेल्या वर्षी मी काकांना एक खोकं पाठवलं होतं. त्यात काय होतं?'

यी-चुनला माहीत नव्हतं. तिने वर पाहिलं.

"सीताफळं," आई म्हणाली. "ताइतुंगची. अर्धी पिचलेली निघाली."

तिने तसंच लिहिलं. उत्तर आलं: 'काकांनी तर सगळी छान निघाली म्हणून लिहिलं होतं. असो. पिचली असतील हे मला तेव्हाच वाटलं होतं, टपालाला वेळ लागला होता. तुम्ही त्यांच्याच घरच्या. मी उद्या हत्ती विकते.'

यी-चुनने श्वास सोडला. पण खाली दुसरं कुणीतरी टपून बसलेलं होतं. 'ऐकलंत ना? म्हणजे थंड चहा आधीपासूनच खोटं लिहायचा. आणि आपण वेड्यासारखं वर्षानुवर्षं त्याच्या स्कूटरी मोजत बसलो.' त्याला भराभर दुजोरे मिळू लागले.

"आई, ते सीताफळांचं उत्तर बाबांनी लिहिलं होतं?"

"छे! ते लिहायला निघाले होते, अर्धी खराब निघाली म्हणून. मी म्हटलं, एवढ्या लांबून बाईने पाठवलीत, असं कुणी लिहितं का? फोन घेतला आणि मीच लिहिलं." तिने मान वर केली. "का? काय म्हणतात ते?"

एका ओळीत बाबा सुटले असते. त्या ओळीत आईचं नाव घालावं लागलं असतं, आणि मग चावडीवरची ही सगळी दुपारभर आईला फाडत राहिली असती.

"बसला विश्वास, म्हणतात," यी-चुन म्हणाली, आणि तिने फोन बंद केला.