सातवी खुंटी

रुक्मानं सातवी खुंटी तिसऱ्यांदा उपटून टाकली, तेव्हा मात्र शानभोगाचं डोकं फिरलं. शानभोग म्हणजे सरकारी वहीचा माणूस. सुप्याहून घोड्यावर बसून आलेला, हातात छत्री, आणि आपण दिसलो की जंगलातली माणसं अंग चोरून बाजूला होतात याची त्याला सवय. इथं पन्नाशीची एक बाई पदर खोचून त्याच्यासमोर उभी होती आणि सरकारची खुंटी तिच्या हातात होती.

"ठोकू नका म्हंत्ये मी," रुक्मा म्हणाली. "ठोकलं की आवाज येतोय."

ठोकल्यावर आवाज येणारच, असं म्हणून शानभोग हसला. सरकारी माणूस हसला म्हणून भोवतीची माणसंही हसली. परशू तेवढा हसला नाही. रुक्मा त्याची आई, आणि तो सातवा तुकडा त्याच्याच वाट्याला आला होता.

झालं होतं असं. डोंगर जाळून त्या राखेत नाचणी पेरायची, ही कुमरीची शेती सरकारनं बंद केली. जंगल राखीव झालं आणि वरच्या वाडीच्या सात घरांना सांगावा आला की पावसाच्या आत खाली उतरा, नाहीतर गार्ड येऊन खोपटी मोडतील. नंदिगड्ड्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेच्या कडेला शानभोगानं सात तुकडे आखले. जागा बघून तो खूश होता. सपाट रान, आयती विहीर, फणसाची जुनी झाडं. आता अशी जागा जंगलात आपोआप होत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

शानभोग माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला पुढचं फार दिसायचं. फणसाखाली पानाची चंची सोडून बसला की तो सांगायचा, वीस वर्षांत या वाटेला दोन्ही अंगांनी कौलारू घरं होतील. खानापूरचे व्यापारी येतील, माडीची घरं बांधतील, पुढं दुकान आणि वर बिऱ्हाड. रेल्वेची, लाकडाच्या वखारीची माणसं खोल्या भाड्यानं घेतील. आज फुकट मिळते त्या जागेला उद्या कुणी तुम्हाला हात लावू देणार नाही. आणि शेवटी बजावायचा, "पण कौलाशिवाय कुणाला तुकडा मिळणार नाही. वर्दीच्या, म्हणजे वहीत नाव चढवायच्या दिवशी कौल नसेल, त्याचा तुकडा दुसऱ्याला."

हे शेवटचं ऐकून म्हादू गावकाराला सरकारबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. म्हादू वाडीचा वडीलधारा, आणि जागेवाल्या देवाचं तोच बघायचा. नवं घर बांधायचं तर देवाच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच वाडीत कौल म्हणत. छपरावर घालायचं कौल बघितलेला माणूस वाडीत एकच, परशू. तो तिनईच्या टेसनावर हमाली करायचा, आणि मजुरीच्या बदल्यात एक एक गाडी कौलं आणून त्यानं फणसामागं रचून ठेवली होती. टेसनमास्तरासारखं घर बांधायचं त्याच्या मनात होतं, एवढंच.

म्हादूनं सातही तुकड्यांचा कौल लावला. सहा तुकड्यांना देवानं भराभर उजवी दिली. सातव्याला उजवीही पडेना, डावीही पडेना. सकाळी लावलेल्या पाकळ्या दुपारच्या उन्हात वाळून पाषाणालाच चिकटून राहिल्या. म्हादू बराच वेळ बघत बसला, मग मान वळवून त्यानं रुक्माला हळूच विचारलं, "काय ऱ्हायलंय गं तुझं तितं?"

रुक्मा उठून विहिरीकडं गेली.

तुकडे आखले त्या जागेला सगळे जुनी वाडी म्हणत आणि लहानांना तिकडं जाऊ देत नसत. चाळीस वर्षांमागं तिथं पटकीची मरी शिरली आणि पाच दिवसांत वाडी बसली. त्या वाडीतलं आज जितं असलेलं माणूस एकच, रुक्मा. शानभोग दोरी ओढत होता तेव्हा तिला दोरी दिसतच नव्हती. तिला भिंती दिसत होत्या. तिसरा तुकडा म्हणजे गुणाचं घर, गुणाची कोंबडी अंगणात हागली म्हणून रुक्माच्या आईनं जिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं ती गुणा. पाचवा तुकडा लखूचा गोठा. आणि सातवी खुंटी बरोबर तिच्या बापाच्या उंबऱ्यावर आली होती. फुटाचाही फरक नव्हता.

तेव्हा रुक्मा नऊ वर्षांची. आधी बाप गेला, दुसऱ्या दिवशी आई गेली. आतल्या खोलीत सहा वर्षांची बहीण, फुला, फाटक्या गोधडीवर पडून होती. तिसऱ्या दिवशी झिलूमामा आला. तो वाडीत शिरला नाही, लांब वाटेवर उभा राहिला. ज्याच्या अंगाला मरी लागली नसेल त्यानंच यावं, दुखणेकरी असेल तर मी असाच मागं फिरतो, असं त्यानं ओरडून सांगितलं. मग विचारलं, "आत कोण हाय काय?"

रुक्मा उंबऱ्यात उभी होती. फुला आहे म्हटलं तर मामा आपल्यालाही नेणार नाही, एवढंच तिला कळलं. ती म्हणाली, "कोण न्हाई, मामा."

आणि चालायला लागल्यावर मागून आवाज आला. "आक्का, पानी."

मामानं तो ऐकला नाही, असं रुक्मा चाळीस वर्षं स्वतःला सांगत आली. पाणी भरून आली की पहिला तांब्या ती आपल्या खोपटाच्या उंबऱ्यावर ओतायची. सून केशर हे काही व्रत असेल असं समजून गप्प राहायची. पण खुंटीवर घण पडला आणि जमिनीतून पहिल्यांदा ती हाक आली, तेव्हा रुक्मानं खुंटी उपटली. कुणी दार ठोठावावं आणि आतून पोरीनं ओ द्यावी, तसं तिला होत होतं.

वर्दीचा दिवस उजाडला. ऊन तापलेलं, वाटेवर तांबडी धूळ, फणसाखाली शानभोग वही उघडून बसलेला. खानापूरचा एक व्यापारीही जवळच दगडावर बसला होता. रिकाम्या राहणाऱ्या तुकड्यांसाठीच तो आला होता.

"तुकडा पहिला. कौल?"

"हाय. उजवा," म्हादू म्हणाला.

उजव्या अंगाला रचून ठेवली असतील, असं समजून शानभोगानं मान वर न करता लिहून घेतलं. दुसरा, तिसरा, असे सहाही उजवे निघाले.

"तुकडा सातवा. कौल?"

म्हादूनं हात जोडले. "न्हाई. लई इनवलं, पर न्हाई दिला."

देवानंच दिला नाही, तिथं परशू काय बोलणार? पाऊस आला की खोपट मोडणार आणि केशर भरल्या दिवसांची. व्यापारी दगडावरून उठला. शानभोगानं टाक दौतीत बुडवला आणि मोठ्यानं म्हणत लिहायला घेतलं, "तुकडा सातवा मोकळा. आत कोणी नाही."

"लिवू नका," रुक्मा म्हणाली.

शानभोगानं वर बघितलं.

"हाय. आत हाय कोन तरी."

"कोण?"

"फुला. माजी भन. सा वर्सांची." आणि मग रुक्मा जे कधी नवऱ्याला बोलली नव्हती, पोटच्या पोराला बोलली नव्हती, ते सगळं तिथं उन्हात उभी राहून बोलली. रडली नाही. मामाचा प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं, मागून आलेली हाक सांगितली. व्यापाऱ्यानं पायातल्या वहाणा काढल्या.

मेलेल्या माणसाचं नाव वहीत चढत नाही, असं शानभोग हळू आवाजात म्हणाला.

"जिती व्हती तवा म्या न्हाई म्हनलं," रुक्मा म्हणाली. "आता तरी हाय म्हनू द्या."

शानभोगाचा टाक तसाच राहिला. त्याला वहीकडं बघवेना म्हणून त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि फणसामागची चळत त्याला दिसली.

"ही कुणाची कौलं?"

"माजी," परशू म्हणाला.

"मग कौल नाही म्हणून काय सांगता?"

"देवानं न्हाई दिला, रावसाहेब."

आता कुठं शानभोगाच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं बाकीच्या सहा तुकड्यांकडं नजर टाकली. तिथं छपराचं एक कौल नव्हतं. तो म्हादूवर असा काही उखडला की घोडाही बिचकला. म्हादूचं म्हणणं एवढंच, की देव व्हय म्हणालाय तर कौलंही येतील. मग शानभोगानं त्या सहांना पावसापर्यंत मुदत दिली आणि पुन्हा वही ओढली. सातवा तुकडा कुणाच्या नावानं लिहायचा ते सांगा, म्हणाला.

परशूनं आईकडं बघितलं. मग म्हणाला, "फुला. तेवडंच लिवा."

शानभोगानं तेवढंच लिहिलं.

सहांपैकी तिघांनाच पावसाआधी कौलं जमली. उरलेल्यांचे तुकडे व्यापाऱ्यानं घेतले, आणि ते लोक त्याच्याच वखारीत लाकूड वाहू लागले. सातव्या तुकड्याचा कौल म्हादूनं परत लावला नाही. जुना उंबरा परशूनं तसाच ठेवला आणि त्यावर नव्या दाराची चौकट उभी केली.

शानभोगानं सांगितलं तसंच पुढं होत गेलं. माडी उठली, दुकान आलं, टेसनावरची बिऱ्हाडं भाड्यानं राहू लागली. दरवर्षी सुगीनंतर तो सारा वसूल करायला यायचा, वाटेवर उभा राहून नावं पुकारायचा. सातव्या दाराशी आला की आवाज आपोआप खाली यायचा.

"फुला."

एखादं नवं बिऱ्हाड शेजारी विचारायचं, ही फुला कोण, कधी दिसत नाही ती? तोवर रुक्मा भरला तांब्या घेऊन दारात आलेली असायची. पाणी ती उंबऱ्यावर ओतायची आणि मगच शानभोगाला उत्तर द्यायची.

"हाय. आत हाय."