मुंगी चावल्याएवढं लेझर

"सगळे स्पीडब्रेकर मेले मोजून माझ्याच मणक्याखाली बांधलेत," गाडीच्या मागच्या सीटवर आडवे पडलेले अंबादास बायकोच्या मांडीत पुटपुटले.

"आलंच हं हॉस्पिटल," विद्युल्लता म्हणाली. वीस मिनिटांपासून ती हेच म्हणत होती.

दुबईत रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये अंबादासांच्या हाताखाली सहा माणसं होती. पण मसाल्याचं पोतं उचलायचं कसं, हे त्यांना दाखवायला बावीस वर्षं हेच आधी उचलत आले. माणसं काही शिकली नाहीत, मणक्याने मात्र धडा घेतला. आता डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडली तरी त्यांना कळत नसे. विद्युल्लता मागून चालायची आणि चप्पल उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवायची.

डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, फार थांबू नका, लेझरने मोकळी करू. मोठा गोड माणूस. 'ऑपरेशन' हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही, 'प्रोसिजर' म्हणाला. घरात तर त्या शब्दाला बंदीच होती. सोलापुरात थोरल्या दादांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि दादा पुन्हा खाटेवरून उठले नाहीत. तेव्हापासून कुणी ऑपरेशन म्हटलं की अंबादास भरल्या ताटावरून उठत.

"मम्मी, जस्ट से लेझर," कुणालने, त्यांच्या मुलाने, तोडगा काढला.

लेझरला कोण घाबरतं? शेजारच्या कॅरलने तर ग्वाहीच दिली, "अंकल, मुंगी चावल्यासारखं वाटतं. खलास." कॅरलने लेझर केलं होतं ते ओठावरची लव काढायला. एवढा बारीकसा तपशील कुणी चर्चेला घेतला नाही. तीन आठवडे अंबादास फोनवर सगळ्यांना मुंगी सांगत होते. लोक त्यांना "वा वा" म्हणत आणि मग विद्युल्लताला वेगळा फोन करून विचारत, "दादांसारखं नाही ना होणार?" तिने "इन्शाल्ला" म्हणून वेळ मारून न्यायची, असं चाललं होतं.

हॉस्पिटलच्या लॉबीत कारंजं होतं, खजूर होते, आणि भिंतीवरच्या पोस्टरात समुद्रकाठी उड्या मारणारा एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ होता. त्याची पाठ जन्मात दुखली नसावी.

खोलीत नर्स व्हेरोनिका फॉर्म घेऊन आली. वसईची, त्यामुळे मराठी फर्डं.

"काका, याआधी कधी ऑप…"

विद्युल्लताला जोरात खोकला आला. व्हेरोनिकाने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. शहाणी बाई.

"याआधी कधी लेझर झालंय?"

"माझं नाही. शेजारच्या मुलीचं झालंय."

व्हेरोनिकाने हे कुठे लिहायचं याचा विचार केला आणि सोडून दिला. "बरं, इथे सही."

अंबादासांनी चष्मा लावला. कस्टमचे कागद वाचायची सवय. एकेका ओळीवर बोट ठेवत ते खाली सरकले. कुणालने पेन पुढे केलं.

"डॅड, इट्स जस्ट अ फॉरमॅलिटी. यल्ला, साइन."

पाय कायमचे जाऊ शकतात, या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दादांच्या कागदावरही हेच लिहिलेलं होतं," ते म्हणाले. "सही मीच केली होती."

मग ते विद्युल्लताकडे वळले.

"मला कळत नाही होय गं? लव काढायला उपाशीपोटी बोलावतात? तू घाबरशील म्हणून मी आपलं मुंगी मुंगी करत होतो."

विद्युल्लताने वाकून पलंगाखाली पडलेली डावी चप्पल उचलली. पुढ्यात ठेवायच्या ऐवजी हातातच धरली.

"अहो, ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "आणि मला खूप भीती वाटतेय."

अंबादासांनी पेन उचललं आणि दुसरा हात तिच्याकडे केला.

"मलाही," ते म्हणाले.