दहा मोजेपर्यंत हलायचं नाही

दप्तरखान्याच्या तळघरात जुने कागद आणि फोटो जपायची थंड कोठी होती. तिचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्यांना सगळे पाठीमागे ‘खांब’ म्हणत. समोर अर्थातच ‘साहेब’. नाव ठेवणाऱ्यानं अगदी नेमकं ठेवलं होतं. साहेब उंच होते, ताठ होते आणि बोलणं त्यांच्या जिवावर येई. कोणी पेटी मागितली की मान हलवायची, पेटी आणून द्यायची, परत आली की जागच्या जागी ठेवायची, संपलं. बायको गेली तेव्हा लोकांना वाटलं, दुःखानं माणूस मुका झाला. खरं तर ते आधीपासूनच तसे होते. बायको होती तोवर दोघांच्या वाटचं तीच बोलायची, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

त्यांच्या कोठीत वारंवार येणारं आणि आल्यावर लवकर न जाणारं माणूस एकच, वरच्या मजल्यावर जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या बाई. त्यांना सगळा दप्तरखाना ‘फोटोबाई’ म्हणायचा. बाईंच्या तोंडाला खळ नव्हता. पेटीची दोरी सोडता सोडता त्या शेजाऱ्यांच्या भांडणापासून स्वतःच्या दाढदुखीपर्यंत सगळं सांगत. आईच्या आजारपणात लग्न राहून गेलं, हेही त्यांनी असंच एकदा सांगून टाकलं होतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. साहेब ऐकून घेत. कोठीत बाराही महिने गारठा, आणि बाई नेहमी नुसत्या एप्रनवर येत. मग एक दिवस दारामागच्या खुंटीवर एक निळा लोकरी स्वेटर दिसायला लागला. “कोणाचा तरी राहिलाय,” साहेब म्हणाले, “घाला.” तो त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, रंगांवर बराच वेळ विचार करून आणला होता, हे सांगायला त्यांना दोन वर्षांत जमलं नव्हतं.

साहेबांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हा ती ट्रंक आली. एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून फोटो काढणाऱ्या एका माणसाची. आत शेकडो फोटो होते, पण एकही कागदावर नव्हता. पातळ लोखंडी पत्र्यांवर काळं रोगण फासून त्यावरच उमटवलेले चेहरे. बाईंनी एका पत्र्याच्या पाठीला लहानसं लोहचुंबक लावलं, ते टप्पकन चिकटलं आणि बाईंचा चेहरा फुलला.

“बघा साहेब, पत्राच. तळहाताएवढा. गवंडी, परटीण, सुट्टीवरचा शिपाई, ज्यांना मोठ्या चित्रकारासमोर बसणं परवडायचं नाही ना, ते सगळे याच्यासमोर बसले. पाव तासात फोटो खिशात घालून घरी. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते, त्यांचे मात्र इथे राहिले.”

ट्रंकेला मात्र ओल लागली होती. पत्र्यांना गंज चढला होता, गंजानं रोगण फुगलं होतं आणि रोगणाबरोबर चेहरे पापुद्र्यासारखे सुटत होते. ते पापुद्रे परत बसवायला बाईंनी एक नवा डिंक शोधून काढला होता, पण जुन्या पत्र्यावर तो लावून बघायची त्यांची तयारी नव्हती. या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नसते. डिंकानं घात केला तर तो गवंडी जगातून दुसऱ्यांदा जाणार. म्हणून त्यांनी ठरवलं की त्याच जुन्या पद्धतीनं नवे पत्रे करायचे, त्यांना मुद्दाम ओलीत ठेवून खराब करायचं आणि मग डिंकाची परीक्षा घ्यायची.

दप्तरखान्याच्या प्रमुखांना हे पटलं, पण माणूस बसवायचं खूळ पटलं नाही.

“भिंतीचा काढा की फोटो,” ते म्हणाले. “भिंत हलत तरी नाही.”

“भिंतीचा टवका उडाला तर कळणार कोणाला?” बाई म्हणाल्या. “चेहऱ्यावर तिळाएवढी जागा गेली तरी डोळ्याला टोचते. मला चेहराच हवा. आणि दहा मोजेपर्यंत न हलणारा हवा.”

बैठकीतल्या सगळ्यांच्या माना एकदमच साहेबांकडे वळल्या.

मोठ्या खिडकीच्या खोलीत खुर्ची मांडली गेली. खुर्चीमागे एक लोखंडी दांडा आणि त्याला वर दोन बोटांची कात्री, डोकं हलू नये म्हणून मागून अडकवायची. ती थंडगार कात्री मानेला लागली तेव्हा साहेबांना न्हाव्याच्या दुकानाची आठवण झाली. शेजारची मोरीची खोली काळे पडदे लावून अंधारी केली होती, आत फक्त एक तांबडा दिवा. बाई पत्र्यावर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतत, हात असा काही फिरवत की तो चारही कोपऱ्यांना पोचे आणि एक थेंब खाली सांडत नसे. इस्पितळासारखा वास सुटायचा. मग पत्रा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडायचा, तिथून बंद चौकटीत, आणि चौकट घेऊन बाई धावत कॅमेऱ्याकडे. पत्रा ओला आहे तोवरच सगळा खेळ. वाळला की गेला.

“हलायचं नाही हं,” म्हणत त्या भिंगावरचं झाकण काढत आणि मोठ्यानं दहा आकडे मोजत.

पहिल्या पत्र्यावर पांढरे ओघळ आले. दुसऱ्याच्या वेळी कोणीतरी मोरीचा पडदा सारला आणि सगळं धुकट झालं. तिसऱ्या वेळी बाईंनी साहेबांना आत बोलावलं. तांबड्या दिव्याचं काम संपलं होतं, आता उजेड चालणार होता. थाळीत पत्रा होता आणि त्यावर एक निळसर, दुधाळ, भुतासारखा चेहरा. बाईंनी थाळी हळूच हेलकावली. बघता बघता दूध विरघळलं, काळं काळ्याच्या जागी गेलं, उजळ उजळाच्या जागी आलं, आणि तळ्यातून कोणी डोकं वर काढावं तसे साहेब स्वतःकडे बघत वर आले.

“अगदी मी,” साहेब म्हणाले.

त्यांच्या लेकीला मात्र तसं वाटलं नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि अधूनमधून तान्ह्या बाळाला घेऊन बापाला भेटायला दप्तरखान्यात यायची. तिनं पत्रा निरखून पाहिला. “बाबा, हे तुम्ही नाही वाटत. भांग उलटा आहे. तीळ भलत्याच गालावर.”

“पत्र्यावर आरशासारखं उलटं उमटतं,” बाई म्हणाल्या. “ते स्वतःला आरशातच बघतात, म्हणून त्यांना पटलं. तू त्यांना समोरून बघतेस.”

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं वेगवेगळ्या माणसाला बघत होतो,” साहेब म्हणाले.

लेक बघतच राहिली. बापाच्या तोंडून आपणहून निघालेलं एवढं लांब वाक्य तिनं बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा बाईंच्या अंगातल्या निळ्या स्वेटरकडे पाहिलं आणि बाळाचं टोपडं नीट केलं.

पुढे हे रोजचंच झालं. बाईंच्या लक्षात आलं की झाकण उघडं असताना साहेबांना उत्तर देता येत नाही. मग त्यांनी आकडे मोजायचं सोडून दिलं. दहा आकड्यांएवढं लांब काहीतरी बोलायचं आणि झाकण लावायचं. कधी प्रमुखांच्या चालीची नक्कल, कधी रस्त्यावर ऐकलेलं भांडण. साहेबांना हसवून दाखवायचं असा जणू विडाच उचलला त्यांनी. बातमी फुटली तशी जेवणाच्या सुट्टीत माणसं दाराशी जमायला लागली. एकदा खुद्द प्रमुखांनी येऊन विनोद सांगितला. त्याला बाकीचे मानापोटी हसले. साहेब ढिम्म. पत्र्यावर चेहरा लख्ख, कोरल्यासारखा. पोटात हसू कसं उकळत होतं, ते फक्त त्यांना आणि मानेवरच्या कात्रीला ठाऊक.

एका संध्याकाळी साहेबांबरोबर घरी जाताना लेक म्हणाली, “बाबा, निवृत्त झालात की आमच्याकडे या राहायला. वरची खोली रिकामीच आहे.”

“बघू.”

“तुमचं बघू म्हणजे नाही.” थोडं चालून गेल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्यांना विचारलंत का?”

“कोणाला? काय?”

“बाबा, मला आता एक मूल आहे. बाईंनी सांगितलं, तो निळा स्वेटर म्हणे कोणाचा तरी राहिला होता. नवा स्वेटर कोणी असा विसरून जात नाही, एवढं कळतं मला. आई असती तर तिनंच तुम्हाला ढोसलं असतं. तुम्ही एकटे राहावं असं तिला कधीच वाटलं नसतं.”

साहेबांनी बाळाला तिच्याकडून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घर येईपर्यंत त्याच्याशीच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत कोणी नसताना त्यांनी फडताळांसमोर उभं राहून सराव केला. “बाई, मला तुम्हाला असं विचारायचं होतं की...” एवढं झालं की पुढचं जिभेवर येईना. पेट्या निमूट ऐकत राहिल्या. शेवटी कंटाळून त्यांनी एक पेटी उगाचच खाली काढली आणि परत ठेवली.

त्याच दिवशी बाईंनी सांगितलं की चांदीचं पाणी आता दमलंय, आजचा पत्रा शेवटचा. साहेब खुर्चीत बसले, कात्री मानेला लागली. बाई चौकट घेऊन आल्या, पण नेहमीसारख्या धावत नाही. त्यांनी झाकण काढलं. मग भिंगाच्या बाजूला उभ्या राहून, एका दमात म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर मी खाली कोणाकडे येऊ? तो स्वेटर माझ्या मापाचा कसा निघाला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच विचारते. लग्न करू या का आपण?”

हो म्हणावं तर पत्रा वाया जाणार, शेवटचा पत्रा, आणि पुन्हा चांदीचं पाणी नाही. गप्प बसावं तर त्या काय समजतील? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायची घाई झाली होती, आणि नेमकं त्याच वेळी मान लोखंडात होती. त्यांनी दात आवळले आणि श्वास रोखून भिंगात बघत राहिले.

बाईंनी झाकण लावलं. साहेबांनी तोंड उघडलं.

“थांबा, पत्रा वाळेल,” असं म्हणून बाई चौकट घेऊन अंधारात पळाल्या.

साहेब एवढ्या झटक्यात उठले की मागचा लोखंडी दांडा धाडकन फरशीवर पडला. ते मोरीच्या दाराशी गेले.

“बाई.”

“आत येऊ नका, उजेड येईल.”

“येत नाही. हो.”

“काय?” आत पाण्याचा नळ सुरू होता.

“हो म्हणतोय.”

“ऐकू येत नाहीये, जरा मोठ्यानं बोला.”

मग साहेबांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीवर टेकले आणि छाती भरून म्हणाले, “लग्न करू या. हो. मला चालेल. मला आवडेल.”

नळ बंद झाला. पण तोवर ते वाक्य सगळ्या व्हरांड्यात पोचलं होतं. दांड्याच्या आवाजानं धावत आलेले प्रमुख आणि त्यांच्यामागची चार माणसं जागच्या जागी थिजली. शेवटी प्रमुखच म्हणाले, “मी मघाशी काही ऐकलं नाही,” आणि सगळ्यांना हाकलत, स्वतः मात्र दोनदा मागे वळून बघत गेले.

दार उघडलं. बाईंचे डोळे ओले होते आणि चांदीनं काळी पडलेली बोटं थाळीच्या काठावर होती. पत्र्यावरचं दूध नुकतंच विरघळत होतं. दोघं थाळीवर वाकले. कोट स्वच्छ आला होता, डोळे स्वच्छ, केस न् केस मोजून घ्यावा असा. फक्त ओठांच्या जागी एक पुसट, हललेली, पसरट रेघ होती.

“हललात तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलं, मी अगदी गप्प होतो.”

“हसत होतात. ठरवूनही थांबवता आलं नाही तुम्हाला.” त्यांनी थाळी पुन्हा हेलकावली. “हा काही मी ओलीत टाकणार नाही. बाकीचे आहेत तेवढे पुरे.”

बाकीचे पुरलेही. दमट पेटीत ठेवलेल्या त्या पत्र्यांवर गंज चढला, साहेबांचे कोरीव चेहरे गालापासून, कपाळापासून सुटायला लागले. बाईंनी बारीक कुंचल्यानं नवा डिंक पापुद्र्यांखाली सोडला आणि वरून हलकं वजन ठेवलं. पापुद्रे बसले ते बसलेच. मग ट्रंकेतले खरे पत्रे हाती घेतले गेले. परटिणीची हनुवटी परत आली, शिपायाची बटणं आली. पत्रा झाला की साहेब त्याला चारी बाजूंनी दुमडायच्या कागदात गुंडाळत आणि पेटीत उभा ठेवत. निवृत्तीच्या आदल्या दिवशी ट्रंकेतला शेवटचा पत्रा कोठीत गेला.

लग्न साधंच झालं, कचेरीत सह्या करून. साक्षीला लेक होती, जावई होता, आणि प्रमुख न बोलावता आले होते. राहायचं कुठे यावर थोडा वाद झाला. साहेब म्हणत, तुमचं घर मोठं. बाई म्हणत, तुमच्या घराला मागे अंगण आहे. अंगण जिंकलं. कारण बाईंच्या डोक्यात आधीच काहीतरी शिजत होतं.

आता सुट्टीच्या सकाळी त्या अंगणात कॅमेरा उभा असतो. पायऱ्यांखालच्या अडगळीत काळे पडदे लावलेत. कलोडियन ओतायचं काम साहेब शिकले. सुरुवातीला ते जमिनीलाच जास्त मिळायचं, आता चारही कोपऱ्यांना पोचतं. आजूबाजूची माणसं चांगले कपडे घालून रांगेत उभी राहतात. बाळ आता चालायला लागलंय आणि कॅमेऱ्याच्या तिन्ही पायांमधून जाणं त्याला फार आवडतं. परवा कोपऱ्यावरचा किराणावाला आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आला. कुत्रं दहा मोजेपर्यंत गप्प बसेल का, यावर रांगेतल्यांचं एकमत होईना.

“बसेल,” साहेब म्हणाले आणि कुत्र्यासमोर उकिडवे बसून त्याच्या कानाशी काहीतरी बराच वेळ सांगत राहिले. काय सांगितलं ते त्यांनी बाईंनाही सांगितलं नाही. बाईंनी झाकण काढलं. कुत्रं बसलं. किराणावाल्यालाच शिंक आली.