अतिशय गंभीर चिंता

कोपनहेगनच्या संसदेत शुक्रवारी सकाळी एक समिती बसते. सोमवारी युरोपीय संघाच्या बैठकीसाठी ब्रुसेल्सला जाणारा मंत्री तिथे काय बोलणार, ते आधी तिच्यापुढे येऊन सांगतो. 'हो' म्हणायची तसदी कुणी घेत नाही, मोजला जातो तो फक्त विरोध. प्रत्येक पक्षातर्फे एकजण बोलतो, त्याच्या एका तोंडातून पक्षाच्या सगळ्या जागा बोलतात. अध्यक्षबाई बेरीज करतात आणि म्हणतात, "विरोधात बहुमत दिसत नाही." मंत्री विमानतळाकडे निघतो.

प्रेबेन स्कोवगोर अकरा वर्षं त्या समितीत होता. पक्षातर्फे बोलायचं काम लोनेबाईंचं. तो त्यांच्या मागच्या खुर्चीत बसून दालचिनीचा पाव खाई.

त्या शुक्रवारी मात्र पाव कागदातच राहिला. सत्ताविसावा विषय होता मासे धुरावण्याच्या भट्ट्यांचा. उघड्या चुली बंद, सगळीकडे पोलादी पेट्या. प्रेबेनची थोरली बहीण अस्ता बेटावर आजोबांच्या वेळची उघडी भट्टी चालवायची. कायदा आला की भट्टीला कुलूप. कालच तिने फोनवर बजावलं होतं, "अरे, इतकी वर्षं तिथे खुर्ची उबवतोस, एकदा नाही म्हण. एक शब्द आहे, मेल्या."

"धुरावलेल्या हेरिंग माशाच्या परंपरेबद्दल सरकारला नितांत आदर आहे," मंत्री म्हणाले. "त्या आदरासह आम्ही कायद्याला पाठिंबा देऊ."

एक पक्ष विरोधात गेला. मग दुसरा. मग, कुणाला वाटलं नव्हतं, तिसराही. बेरीज काठावर येऊन थांबली. उरला प्रेबेनचा पक्ष, आणि लोनेबाई तर बाहेर व्हरांड्यात टीव्हीवाल्यांना हेरिंगबद्दलची काळजी दाखवत होत्या.

"मग पक्षातर्फे तुम्हीच बोला, प्रेबेन," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मंत्र्यांचं पेन थांबलं. प्रेबेन उभा राहिला. तिथे कुणी उभं राहत नाही.

"आमचा पक्ष..." 'नाही' अगदी ओठांशी आलं होतं. पण अकरा वर्षं लोनेबाईंच्या पाठीमागे बसून एकच वाक्य कानांत मुरलेलं. जीभ आपसूक त्याच वळणावर गेली. "...या प्रस्तावाकडे गंभीर चिंतेने पाहतो."

"म्हणजे विरोध?"

"अतिशय गंभीर."

"ते लिहून घेतलं. विरोध आहे का?"

दाराच्या काचेतून लोनेबाईंचं तोंड दिसलं. त्या मान डावीउजवीकडे हलवत होत्या.

"चिंता... नोंदवून घ्यावी."

"घेतली. विरोधात बहुमत दिसत नाही. विषय अठ्ठाविसावा."

मंत्र्यांनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय झोडपलंत राव! घाम फोडलात मला."

लोनेबाईही खूश. "छान बोललास रे. नेमकं माझंच वाक्य."

दुपारी अस्ताचा फोन आला. बैठक इंटरनेटवर दाखवतात.

"ताई, मी चिंता नोंदवलीय."

"बघितली. बंदराचा निम्मा धक्का माझ्या भट्टीशी जमून बघत होता. तू उभा राहिलास तेव्हा टाळ्या वाजवल्या रे आम्ही."

"कायदा लागू व्हायला अजून दोन वर्षं आहेत..."

"बरं झालं. त्याआधी निवडणूक येते." तिचा आवाज शांत होता. "माझं मत तुझ्या विरोधात धर. मला चिंता वगैरे काही नाही हं. नुसता विरोध."