भिंगाखालचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडं, शिसवी मूठ आणि काठाचा एक टवका उडालेला. कोल्हापुरात गुजरीतल्या एका सोनाराकडं मी दागिन्यांचे जोड तपासायचो. राईचा पर्वत करण्यात माझा हात कोणी धरणार नाही! पुढं डॉक्टर वसंतरावांनी मला घेतलं आणि मी माणसांची कातडी पाहू लागलो.

१९५४ साली उचगावच्या बायडाबाई आपल्या नऊ वर्षांच्या शालूला घेऊन आल्या. शालूला क्षय होता. इंजेक्शन, गोळ्या आणि कडू पुड्या चालू होत्या, पोर सुधारतही होती. आता मात्र अंगभर लाल पुरळ उठलं होतं.

"गोवर हाय. दुसऱ्यांदा आलाय," बायडाबाई म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा? पहिल्या वेळी काय केलंत?"

 बायडाबाई हळूच म्हणाल्या, "गोवरात औषीद द्यायचं नसतंय. समदं बंद केलं, उशाला लिंबाचा पाला ठेवला. आठ दिसांत गेला की! परत औषीद चालू केलं, तर त्याच सांजंला हजर. तुमी रागवशीला म्हणून बोलली न्हाय."

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून बसले. "मग हा गोवर नव्हे. तिन्हींपैकी एक औषध हिला सोसत नाही. पण कुठलं?"

तिन्ही सोडली तर क्षय पुन्हा डोकं वर काढणार. तिन्ही दिली तर पोरीची कातडी सोलून निघायची. मला उत्सुकता लागली आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

डॉक्टरांनी शालूला दवाखान्यातच ठेवून घेतलं. सगळी औषधं थांबवली आणि अंग स्वच्छ झाल्यावर एकेक औषध अगदी थोडं थोडं देऊन पाहिलं. रोज सकाळी शालू मला हातात घेऊन स्वतःच ठिपके शोधायची. इंजेक्शन झालं, काही नाही. गोळी झाली, काही नाही. मग चिमूटभर पुडी दिली.

"डाक्टर, आला की!" दुसऱ्या दिवशी ती ओरडली. "ह्यो बघा मनगटावर, केवढा ढब्बू हाय!"

ठिपका सापडल्याचा एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. पुड्या बंद झाल्या, बाकीची औषधं दीड वर्ष चालली आणि शालू खडखडीत बरी झाली.

आता मी कपाटात धूळ खात असतो. मला पुसा किंवा नका पुसू. पण औषध घेताना अंगावर काही उठलं, तर ते झाकू नका आणि औषध मनानं बंदही करू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. शालूची आई उशिरा का होईना, आली. ज्या पोरांना घरातच झाकून ठेवलं, ती मला कधी दिसलीच नाहीत.