मामंजींचा वाटा

सकाळी साडेपाच ते आठ या वेळात माझ्याशी कोणी गोड बोलू नये आणि माझ्याकडूनही गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगून टाकलं होतं. नवरा, सहदेव, कणकवलीला एका दुकानात कामाला. त्याची पावणेसातची एसटी. मुलगी प्रियांका सातवीत, तिची शाळा साडेसातला. मी काजूच्या कारखान्यात, तिथलं गेट आठला बंद म्हणजे बंद. आणि या सगळ्या धावपळीच्या मधोमध मामंजी.

मामंजी म्हणजे माझे सासरे, भिकाजी. वय अठ्ठ्याहत्तर. बाराव्या वर्षापासून रापणीवर. रापणीचं जाळं होडीने समुद्रात सोडायचं आणि किनाऱ्यावरून तीस-चाळीस जणांनी दोरीने ओढून घ्यायचं. आमच्या गावच्या रापणीचा नियम एकच. जाळं कोरड्या वाळूवर यायच्या आत ज्याचा हात दोरीला लागला, त्याला मासळीचा वाटा. हात लागला नाही तर वाटा नाही, मग तो रापणीच्या म्होरक्याचा, खुद्द तांडेलाचा बाप का असेना.

वाटा केवढा, तर कधी पाच बांगडे, कधी दोन मुठी पेडवे. त्यावर काही घर चालत नव्हतं. पण वाटा आणला त्या दिवशी मामंजी जेवायला ताठ बसायचे, आणखी भात मागून घ्यायचे. वाटा नसला की पानात पडेल तेवढं गप खाऊन उठायचे. या घरात आपण फुकट जेवतो, हे त्यांना सोसायचं नाही. ते मला कळायचं. म्हणून सव्वासहाला त्यांना घराबाहेर काढायचं काम मी अंगावर घेतलं होतं.

आणि ते निघता निघायचे नाहीत. रोज दाढी. रापणीवर जायला दाढी कशाला लागते, देव जाणे. चहा फुंकून फुंकून प्यायचा. बोटं थरथरायची म्हणून शर्टाची बटणं मीच लावायची, आणि बटणं लावताना माझं तोंड चालूच. रोजची वीस मिनिटं खाता माझी, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. त्याने मी आणखीच भडकायचे.

२००३च्या, म्हणजे यंदाच्याच जानेवारीतली गोष्ट. पहाटेच लाईट गेली, पंप बंद. विहिरीवरून सहा कळश्या आणल्या. सहदेवला एसटीचा पास सापडेना, आणि शोधायचं सोडून तो दारात उभा राहून मलाच वेळ सांगत होता. जसं काही मला घड्याळ कळत नाही. प्रियांकाच्या शाळेत स्नेहसंमेलन, तिला दोन वेण्या आणि वर अबोलीचा वळेसार माळायचा. मामंजी शर्टात हात घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी खेकसले, बसा तिथे, आधी तिचं आवरते. ते बसले. घराबाहेर पडले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

सात वाजून गेल्यावर ते परत आले. टोपली रिकामी. हात लागला नाही, एवढंच म्हणाले आणि टोपली खुंटीला अडकवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखाना गेला खड्ड्यात म्हटलं आणि अनवाणीच किनाऱ्यावर गेले. तिथे वाटे घालायचं काम चाललं होतं. तांडेल परशुराम वाळूत उकिडवा बसला होता. मी काही बोलायचं शिल्लक ठेवलं नाही. ज्या माणसाने तुम्हाला दोरी धरायला शिकवलं त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबवत नाही, लाज वाटते का, असं त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

परशुरामने मान वर केली नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "सुगंधा, जाळा ते येवच्या आदीच कडेक येता गो. दोन वर्सां आमी ता घोट्याभर पाण्यात धरून ऱ्हवतंव, तुज्या मामंजींचो हात लागापर्यंत. आज मासळी न्हेणारो टेम्पोवालो थांबाक तयार झालो नाय."

हे ऐकून दुसरी एखादी गप्प झाली असती. मी नाही झाले. मला वाटत होतं, मी बटणं भराभर लावते म्हणून मामंजी वेळेवर पोचतात. दोन वर्षं माझी धावपळ, माझी चिडचिड सगळी फुकट, आणि हे लोक मोठे दिलदार. मी ओरडले, "कोणी सांगल्यान तुमका उपकार करूक? दोन वर्सां म्हाताऱ्याच्या टोपलीत भीक घातलास?"

सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळले. माझ्या चपला हातात घेऊन मामंजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चपला माझ्या पायाशी ठेवून ते म्हणाले, "घराक चल गो. तुका उशीर झालो."

संध्याकाळी परशुराम स्वतः पाच बांगडे घेऊन आला. आपला हात लागला नव्हता, असं सांगून मामंजींनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच चहा त्यांच्यापुढे ठेवला, शर्ट आणून ठेवला. सहदेवला म्हटलं, तुझं तू बघ. प्रियांकालाही तेच. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. मी तीनदा हाक मारल्यावर म्हणाले, "तुजा तू आवर." ते उठले नाहीत. त्या दिवशी रापणीवर गेले नाहीत आणि पुढेही नाही. दुपारी जेवायला बसतात, पानात पडेल तेवढं खातात.

मी आता कारखान्यात पावणेआठलाच पोचते. गेटवरच्या बायका विचारतात, सुगंधा, हल्ली कसा गो जमता तुका? माझ्या तोंडात शिवी येते, पण ती द्यायची कोणाला ते कळत नाही.