पंचांच्या बैठकीची घोंगडी

मी एक घोंगडी बोलतेय. काळीभोर, काठाला पांढरी रेघ असलेली. इंदापूरकडच्या भामाबाईनं माझी लोकर कातली, तिच्या नवऱ्यानं मला मागावर विणलं आणि दोघांनी चिंचोक्याची खळ देऊन उन्हात वाळवलं. ती खळ अंगात होती तोवर मी जवळ येणाऱ्याला टोचत असे. माणसांची सवय लागायला मलाही वेळ लागला.

बारामतीच्या बाजारात मला सर्जेरावांनी घेतलं. कोऱ्हाळे बुद्रुकचे सर्जेराव म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले पंच. तंटा बांधाचा असो की वाटणीचा, ते देवळात मला अंथरत, वर बसत आणि दोन्ही बाजूंना पोटभर बोलू देत. माणूस खोटा नव्हता. हातघाईवर आलेली माणसं उठताना एकमेकांच्या चिलमीला विस्तव देताना मी पाहिली आहेत. एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटे. माणसं पंचांपुढं राग सगळा सांगतात, दुःख तेवढं घरी ठेवून येतात.

मग पाटाच्या पाण्याचा तंटा झाला. पाळी कुणाची, यावरून उसाच्या दोन मळ्यांतली माणसं पाटावर जमली आणि फावडी उगारली गेली. रामहरी हा विधवा द्वारकाबाईचा एकुलता एक मुलगा. त्याचं त्या पाण्याशी ना घेणं ना देणं. तो भांडण सोडवायला मधे पडला. मोहनराव नावाच्या शेतकऱ्यानं दुसऱ्यावर उगारलेलं फावडं त्याच्या डोक्यात बसलं. रामहरी पाटात पडला, तो उठलाच नाही.

प्रेत अंगणात असतानाच सर्जेरावांनी मला द्वारकाबाईच्या ओसरीवर अंथरलं.

“द्वारकाबाई, तू फौजदाराकडं गेलीस तर कुणी आडवं येणार न्हाय,” ते म्हणाले. “पर दोन्ही भावक्या पेटल्यात. आणखी मढी पडतील. पाय घसरून बुडाला, एवढंच म्हणू. हितंच मिटंल सगळं.”

मग तिनं विचारलं, “मोहनरावाला पोर हाय न्हवं?”

“हाय. बारकं हाय.”

“मग तुमी काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या तोंडानं मी तसं न्हाय म्हणायची.”

सर्जेरावांनी मला उचलून तिच्या खांद्यावर टाकलं. “आजपासनं तू माझी भैन,” ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

द्वारकाबाई मला घेऊन माहेरी, वरकुट्याला भावाकडं आली. भावाच्या मळ्यात ती वांगी तोडी, मिरच्या खुडी. कुणी रामहरीचं विचारलं की उठून कामाला लागे. मला तिनं कधी पांघरलं नाही. उन्हात टाकी, झटके, घडी घाली आणि घडीवर हात ठेवून बसे. तिच्या हाताचं ओझं मला कळायचं.

छप्पन्न साल सरत आलं होतं. एका दुपारी बारामतीच्या एका शाळेचे गुरुजी चार-पाच विद्यार्थी घेऊन दारात आले. वर्गात त्यांनी बुद्धाचं वाचलं होतं, अशोकाचं वाचलं होतं. आता आपल्या मुलखातला शांतिदूत शोधायचा आणि सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कार करायचा, असं ठरलं होतं. जो तो सर्जेरावांचं नाव घेत होता. पण गुरुजींनी बजावलं होतं, नाव ऐकून निवडायचं नाही. तंटा ज्यांनी सोसला, त्यांच्या तोंडून ऐकायचं.

द्वारकाबाईनं मला अंथरून सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. कन्हेरीची जयवंता म्हणून एक धीट मुलगी होती. ती म्हणाली, “मावशी, पाटाचा तंटा खरा कुणी मिटवला? त्याचाच सत्कार करायचा हाय आमाला.”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. द्वारकाबाईचा चेहरा उजळला. ती माझ्या काठाशी येऊन टेकली. “सांगते,” ती म्हणाली. “माझ्या लेकाचं नाव...” आणि तिची नजर समोरच्या मुलावर गेली. “तू कुठला रं, बाळा?”

“कोऱ्हाळ्याचा, सोपान. मोहनरावांचा थोरला.” तो सरळ मनानं बोलत होता. “आमचं आबा त्या पाटावरनं कदीच जात न्हाईत, मावशी. लांबचा फेरा घालत्यात. का ते सांगत न्हाईत.”

तिची बोटं माझ्या लोकरीत रुतली. मला वाटलं, आता बोलेल. बाई, बोल! पण मला कुठलं तोंड?

“तुमचा रामहरी कसा गेला, मावशी?” जयवंतानं हळूच विचारलं.

“पाटात बुडून,” द्वारकाबाई म्हणाली. “पाय घसरला. तंटा सर्जेरावांनी मिटवला. त्यांचाच सत्कार करा.”

निघताना तिनं मुलांना शेंगा-गूळ दिला. सोपानच्या ओंजळीत दोनदा घातला. मुलं वळणाआड गेली, तशी ती माझ्यावर आडवी पडली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी सर्जेराव आले, डोक्याला सत्काराचा फेटा आणि हातात नारळ.

“पोरांनी मला निवडलं,” ते म्हणाले. “तू काय सांगितलंस त्यांस्नी?”

“तुमी सांगितलं हुतं तेच.”

“तुझ्या तोंडानं?”

“व्हय. इचारायला आलेल्या पोरांत मोहनरावाचं पोर हुतं.”

सर्जेरावांनी फेटा उतरवला. मी अंथरलेली होते, पण ते माझ्यावर बसले नाहीत. उंबऱ्याबाहेर, मातीत बसले.

त्यानंतर द्वारकाबाई फार जगली नाही. ती गेल्यावर तिच्या भावजयीनं मला कांद्याच्या ढिगावर टाकलं. आता मला कसर लागली आहे. काठाची पांढरी रेघही दिसेनाशी झाली.

बाळांनो, शांतीसाठी हार घेऊन कुणाकडं निघालात, तर आधी ज्या घरातलं माणूस परत आलं नाही, त्या घरी थोडं बसा. तिथं कुणी खरं सांगेलच असं नाही. तरी बसा. घाई करू नका.